जांभळा रंग उडाला म्हणजे रक्त शुद्ध झालं का?

जांभळांचा हंगाम आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: लॅबमध्ये जांभळाच्या अर्काने फ्री रॅडिकल (पेशींना इजा करू शकणारे रेणू) काही मिनिटांत संपवले; रोज खा, शरीरातलेही संपतील, रक्त शुद्ध होईल.

यातला पहिला भाग खरा आहे. ही चाचणी बहुधा डीपीपीएच नावाच्या रसायनावर होते. ते स्वतःच फ्री रॅडिकल, म्हणजे त्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. मिथेनॉल या द्रावकात ते गडद जांभळं दिसतं. वनस्पतीतल्या पॉलिफेनॉल या नैसर्गिक रसायनांनी त्याला हायड्रोजन दिला की रंग उतरत पिवळ्यावर येतो. किती उतरला, हे ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. (जांभळाचा स्वतःचा रंगही तिथेच प्रकाश शोषतो, तो वजा केला नाही तर आकडाच चुकतो!)

पण शरीरात ना डीपीपीएच असतं, ना मिथेनॉल. खाल्लेल्या पॉलिफेनॉलपैकी थोडंच रक्तात उतरतं, तेही बहुतेक आतड्यात आणि यकृतात रूप बदलून. शिवाय तेल खवट होऊ नये म्हणून वापरतात ते कृत्रिम बीएचटीसुद्धा हाच रंग उडवतं. म्हणजे चाचणी सांगते ती रसायनाची क्षमता. रक्ताबद्दल ती काहीच बोलत नाही.

रंग उडवणारं ते सगळं औषध नव्हे, हे घरी पडताळायचं तर पाण्यात टिंचर आयोडीनचे दोन थेंब टाका. तांबूस रंग येईल. त्यात व्हिटॅमिन सीची गोळी चुरून घाला, रंग जाईल. फोटो धुण्याचा हायपोही तो तितक्याच सहज घालवतो, आणि हायपो काही कुणी टॉनिक म्हणून घेत नाही. ते पाणी मात्र ओतून टाका, पोरांच्या हाती लागू देऊ नका.