पुगाचं पाणी ८४ अंशांवरच का थांबतं?

आमच्या नात्यातल्या एका काकांनी लडाखहून पुगा खोऱ्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पिवळट पांढरी जमीन, वाफाळणारं पाणी आणि खाली ओळ: ‘जमिनीत गंधक आहे, म्हणून पाणी तापतं.’ वज्रेश्वरीच्या कुंडांबद्दलही लहानपणापासून हेच ऐकत आलोय. दुकानातून गंधकाचा खडा आणून बादलीत टाकून बघा. सकाळपर्यंत वाट पाहिलीत तरी आंघोळीपुरतंसुद्धा पाणी तापणार नाही! गोष्ट उलटी आहे. खोलवरचं गरम पाणी हायड्रोजन सल्फाइड वायू वर आणतं (तोच तो कुजक्या अंड्यांचा वास). हवेशी गाठ पडली की त्यातला गंधक सुटून दगडांवर बसतो.

मी गेलो होतो तेव्हा लेहहून सिंधूच्या काठाने चुमाथांगपर्यंत आणि पुढे माहेचा पूल ओलांडून सुमदोकडे वळलो. पुगाची उंची सुमारे ४४०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. चार पावलं टाकली की धाप लागते. पायाखाली मिठासारखा पापुद्रा कुरकुरतो. त्यात टाकणखार असतो, सोनार डाग देताना वापरतात तो बोरॉनचा क्षार. कॅरमवर भुरभुरवायची बोरिक पावडरही त्याच बोरॉनची.

तिथल्या झऱ्यांच्या तोंडाशी ८४ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मोजलं गेलंय. शंभर का नाही? कारण त्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. डोक्यावरची हवा विरळ, दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५८ टक्के. झऱ्यात अंडं उकडेल, पण तूरडाळ शिजायची वाट बघत बसलात तर मुक्काम करावा लागेल.

आता माझा आवडता भाग. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९७०च्या दशकात इथे विंधनविवरं खणली, तेव्हा काहीशे मीटरांच्या आतच १४० अंशांच्या घरातलं पाणी लागलं. १४० अंशांचं ‘पाणी’, वाफ नव्हे! इथे आपला प्रेशर कुकर आठवा. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी शंभराच्या पुढे जाऊनही पाणीच राहतं. जमिनीत झाकणाचं काम वरचं पाणीच करतं. दर दहा मीटर खोलीला साधारण एक वातावरणाचा (म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेइतका) दाब वाढतो. १४० अंशांचं पाणी उकळू द्यायचं नसेल, तर सुमारे साडेतीन वातावरणांचा दाब हवा. वरच्या हवेचा अर्धा-पाऊण वजा करा, उरलेले तीन पाण्याने द्यायचे. म्हणजे तीस-पस्तीस मीटर खोली पुरे.

हे पाणी वर चढताना ती तीस-पस्तीस मीटरांची रेषा ओलांडतं आणि आतून फुटल्यासारखं उकळतं. १४० वरून ८५ वर उतरताना दर किलोमागे सुमारे २३० किलोज्यूल उष्णता मोकळी होते. एक किलो पाण्याची वाफ करायला लागतात जवळपास २३०० किलोज्यूल. म्हणजे दहा किलो पाण्यातलं एक किलो वाफ होऊन जातं आणि उरलेलं नऊ किलो उकळबिंदूवर येऊन थांबतं. झऱ्यावर थर्मामीटर धरून खालच्या उष्णतेचा अंदाज बांधणं म्हणूनच फसवं.

ही उष्णता ज्वालामुखीची नाही. पुगात तो नाहीच. भारतीय आणि युरेशियन भूपट्टांच्या टकरीत पृथ्वीचं कवच इथे दुपटीच्या आसपास जाड झालं, त्यातल्या ग्रॅनाइटमधली किरणोत्सारी मूलद्रव्यं उष्णता देत राहतात, आणि भ्रंशांच्या भेगांतून खोल उतरलेलं बर्फाचं पाणी ती घेऊन परततं.

२०२१मध्ये इथे एक मेगावॅटच्या प्रायोगिक वीजप्रकल्पाचा करार झाला, तेव्हा ‘लडाख उजळणार’ छापाच्या बातम्या आल्या. एक मेगावॅट म्हणजे प्रत्येकी दोन किलोवॅटचे पाचशे गिझर. शिवाय गरम पाणी वर आणणाऱ्या विवराच्या नळीत ते उकळलं की कार्बन डायऑक्साइड निसटतो, विरघळलेला चुना मागे राहतो आणि नळीच्या आतल्या बाजूला थरावर थर चढतो. बोअरचं जड पाणी येणाऱ्या घरातला गिझर उघडून पाहिलाय कधी? कॉइलवर तोच पांढरा दगड असतो.