पाण्याचा अंदाज

‘पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू.’ सुट्ट्यांचा हंगाम आला की ही ओळ वर्तमानपत्रात दिसतेच. माणसं वेगळी, किनारा वेगळा, ओळ तीच. ती वाचली की मला राहून राहून वाटतं, समुद्राच्या पाण्याचा अंदाज येतच नाही असं आपण धरूनच चाललो आहोत का? कारण अंदाज येतो. किनाऱ्यावर दहा मिनिटं उभं राहिलं, तर कसल्याही उपकरणाशिवाय येतो. काय बघायचं ते मात्र एकदा कुणीतरी दाखवावं लागतं. मला ते एका चेंडूने दाखवलं.

मी एका भूशिराच्या कड्यावर उभी होते. खाली चंद्रकोरीसारखी पुळण, तिच्यावर ओळीने फुटणाऱ्या लाटा. फेसाचे पांढरे पट्टे किनाऱ्याला समांतर पसरलेले, पण सलग नाहीत. एका जागी वीसेक पावलांची फट होती. तिथलं पाणी आजूबाजूपेक्षा गडद दिसत होतं, लाट तिथे फुटत नव्हती, वर नुसती बारीक थरथर. एक कुटुंब नेमकं त्या फटीसमोर पाण्यात उतरलं. बरोबर लहान मुलं असली की कुणीही शांत पाणीच शोधणार. मुलाच्या हातातून चेंडू निसटला आणि चालत्या माणसाच्या वेगाने थेट समुद्राकडे निघाला. वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे, लाटा किनाऱ्याकडे, आणि चेंडू उलट दिशेला. वडील मागे धावले. ते कमरेएवढ्या पाण्यात पोचले असतील-नसतील, तेवढ्यात जीवरक्षकाची लांब शिट्टी वाजली आणि ते थांबले.

ती गडद, शांत दिसणारी फट म्हणजे रिप करंट. किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणारा अरुंद, वेगवान प्रवाह.

त्याबद्दल दोन समज फार घट्ट बसलेले आहेत. पहिला असा की समुद्र माणसाला खाली ओढतो. रिप करंट खाली ओढत नाही, तो बाहेर नेतो. माणूस बुडतो तो त्याच्याशी झुंजून, दम संपून आणि घाबरून नाकातोंडात पाणी गेल्यामुळे. दुसरा समज असा की ही ओढ ओहोटीची असते. इथे साधा हिशेब करून बघू. भरती-ओहोटीत पाण्याची पातळी ३ मीटरने बदलते असं धरा, आणि किनाऱ्याचा उतार ५० मीटरला १ मीटर. म्हणजे पाण्याची कड सहा तासांत १५० मीटर मागे सरकेल. तासाला २५ मीटर, सेकंदाला एक सेंटीमीटरही नाही. एवढ्या वेगाने कुणी वाहून जात नाही. खाडीच्या तोंडाशी गोष्ट वेगळी. तिथे भलंमोठं पाणी अरुंद वाटेने आत-बाहेर करतं, त्यामुळे भरती-ओहोटीचा प्रवाह खरोखरच जोरकस असतो. पण उघड्या पुळणीवरची ओढ ओहोटीची नव्हे. अमेरिकी भूवैज्ञानिक फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३६ मध्ये हेच मांडलं होतं. लोक या प्रवाहाला ‘रिप टाइड’ म्हणत. भरती-ओहोटीशी त्याचा थेट संबंध नाही, तेव्हा ‘रिप करंट’ म्हणा, असं त्यांचं म्हणणं.

मग एवढं पाणी उलटं कशाने जातं? मला या सगळ्यात सर्वांत आवडणारा भाग हाच, म्हणून जरा सावकाश जाऊ.

खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी जवळजवळ जागीच राहतं. तरंगणारं लाकूड वर, पुढे, खाली, मागे असा गोल फिरून साधारण पूर्वीच्या जागी येतं. पुढे जाते ती ऊर्जा. एक मीटर उंचीच्या लाटांत समुद्राच्या प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे १२५० ज्यूल ऊर्जा असते. उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट. ही ऊर्जा फार लांबून आलेली असू शकते. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटांचा माग काढला, तो थेट पॅसिफिक ओलांडून अलास्कापर्यंत. १५ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा ताफा दिवसाला सुमारे १००० किलोमीटर कापतो. म्हणून आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असतानाही समुद्र खवळलेला असू शकतो. वादळ कुठेतरी आठवड्यापूर्वीच होऊन गेलेलं असतं.

ऊर्जेबरोबर लाट संवेगही (वस्तुमान गुणिले वेग) आणते, आणि सगळा खेळ त्याचाच आहे. पाणी उथळ झालं की लाटेचा वेग घटतो, ती उभी चढते, आणि खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की फुटते. एक मीटरची लाट सव्वा मीटर पाण्यात फुटते असं ढोबळमानाने लक्षात ठेवा. फुटताना ऊर्जा आवाजात, फेसात, भोवऱ्यांत संपते. संवेग मात्र असा विरून जाऊ शकत नाही, तो कुणालातरी द्यावाच लागतो. तो मिळतो पाण्याला. फुटणारी प्रत्येक लाट पाण्याला किनाऱ्याकडे एक रेटा देते. आणि रेट्यामागून रेटे बसत राहिले की किनाऱ्यालगत पाणी चढून राहतं. लाट चढते-उतरते ते वेगळं, इथे पाण्याची सरासरी पातळीच वर गेलेली असते. दीड-दोन मीटरच्या लाटा असतील तर ही चढ वीस-तीस सेंटीमीटर सहज भरते. मायकेल लॉन्गेट-हिगिन्स आणि रॉबर्ट स्टुअर्ट या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या रेट्याचं गणित मांडलं. त्यांचा १९६४ चा लेख आजही या विषयाचा पाया मानला जातो.

आता यात वाळू आणा. पुळणीसमोर पाण्याखाली वाळूचे दांडे असतात, किनाऱ्याला समांतर, आणि दोन दांड्यांमध्ये चर. दांड्यावर पाणी १ मीटर आणि चरात २ मीटर असेल, तर एक मीटरची लाट दांड्यावर फुटते आणि चरावरून न फुटता पुढे जाते. जिथे फुटली तिथे रेटा दिला, पाणी चढलं. जिथे फुटली नाही तिथे रेटा नाही, पाणी खालीच राहिलं. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, शंभर पावलांच्या अंतरात, पाण्याची पातळी एका जागी किंचित उंच आणि शेजारी किंचित सखल. पाणी उंचाकडून सखलाकडे जाणार. ते दांड्यांमागून किनाऱ्याला धरून दोन्ही बाजूंनी चराकडे धावतं, तिथे दोन्ही ओघ एकमेकांना भिडतात, आणि सुटायला मोकळी वाट एकच असते, समोर, समुद्राकडे. चरातून पाणी बाहेर पडतं.

पातळीतला हा फरक डोळ्यांना दिसणारही नाही इतका थोडा असतो. पण घर्षण बाजूला ठेवलं, तर पाच सेंटीमीटरच्या, म्हणजे तीन बोटांच्या उतारावरून आलेलं पाणी सेकंदाला १ मीटर वेग घेतं. शाळेतलंच सूत्र आहे, २ गुणिले g (गुरुत्व त्वरण) गुणिले उंची, त्याचं वर्गमूळ. तीन बोटं पाणी आणि वेग सेकंदाला एक मीटर! हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं होतं. प्रत्यक्षात तळाचं घर्षण वेग कमी करतं, म्हणून नेहमीच्या रिप करंटचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. जोरकस प्रवाह मात्र २ मीटरच्याही पुढे गेलेले मोजले आहेत. शंभर मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रमी जलतरणपटू सेकंदाला दोन मीटरच्या किंचित वर पोहतो, तेही स्थिर पाण्यात. उलट पोहून किनारा गाठायचा प्रयत्न का फसतो, ते या दोन आकड्यांत आलं.

शिवाय वाहतं पाणी चरातली वाळू बाहेर नेतं, चर खोल होतो, खोल चरावर लाटा आणखी कमी फुटतात, प्रवाहाला आणखी जोर येतो. स्वतःची वाट स्वतः खणत जाणारा हा प्रवाह आहे.

ओहोटीच्या समजाकडे आता पुन्हा एकदा बघायला हवं, कारण त्यात काहीच तथ्य नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. भरतीला दांड्यावर तीन-साडेतीन मीटर पाणी असतं, मध्यम लाटा त्यावरून न फुटता निघून जातात, आणि रिप करंट मंदावतो. ओहोटीला तोच दांडा उथळ होतो, लाटा त्यावर धडाधड फुटतात, आणि प्रवाह जागा होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचं पाणी नेहमीपेक्षा खाली उतरतं, म्हणून त्या दिवसांत अशा किनाऱ्यांवर ओहोटीला जास्त जपायला हवं. समुद्रावर आयुष्य काढलेली माणसं ‘ओहोटीला पाण्यात जाऊ नका’ म्हणतात, तेव्हा त्यांचं निरीक्षण खरं असतं. ओढ मात्र ओहोटीच्या पाण्याची नसते, उथळ झालेल्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटांची असते.

‘ती जागा वाईट आहे, दरवर्षी बळी घेते’ हे मात्र मला मान्य नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा माणसं बुडतात, कारण काही रिप करंट जागा सोडत नाहीत. निसर्गरम्य किनारा म्हणजे बहुधा पुळणीच्या दोन टोकांना खडकाळ भूशिरं. लाटा तिरक्या आल्या की किनाऱ्याला समांतर वाहणारं पाणी खडकावर आदळून समुद्राकडे वळतं, आणि खडकाच्या कुशीतच कायमचा चर तयार होतो. फोटोसाठी सगळे ज्या कोपऱ्यात जातात, तोच बहुतेक वेळा सर्वांत धोक्याचा. खडक हलत नाही, म्हणून प्रवाहही हलत नाही. त्या जागेला भूत चिकटवलं की माणसं नारळ वाहतात, पण पाटी लावत नाहीत, आणि पुढच्या वर्षी नव्याने आलेल्या माणसाला कुणी काही सांगत नाही. ऑस्ट्रेलियात याची नीट मोजणी झाली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे रिप करंटमुळे वर्षाला सरासरी २१ माणसं दगावतात. शार्कच्या हल्ल्यांत सरासरी एक. बातम्यांत मात्र शार्कच जास्त.

‘अचानक ओढलं’ असं वाचलेली माणसं सांगतात, तेही खरं आहे. लाटा एकसारख्या येत नाहीत. जवळजवळ सारख्या लांबीच्या दोन लाटमालिका एकमेकींत मिसळल्या की काही लाटा मोठ्या, मग काही लहान, असे गट पडतात. दर सातवी लाट मोठी वगैरे काही नेमकं नसतं. मोठ्या लाटांचा गट येऊन फुटला की किनाऱ्यालगत पाणी चढतं आणि पुढची एक-दोन मिनिटं रिप करंट एकदम जोर धरतो. पाच मिनिटांपूर्वी मुलं जिथे निवांत उभी होती, तिथेच पाय उचलले जातात. म्हणून उतरण्याआधी दहा मिनिटं बघा म्हणते. एक-दोन मिनिटांत तुम्हाला नुसता लहान लाटांचा गट दिसेल.

बघायचं ते एवढंच. शक्य तितक्या उंचावर उभं राहायचं. फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात फट आहे का, तिथलं पाणी गडद किंवा वाळूने गढूळ आहे का, फेस किंवा शेवाळाचे तुकडे समुद्राकडे चालले आहेत का. जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावले असतील तर त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. ही पाहणी त्यांनी तुमच्याआधी केलेली असते.

आणि सापडलातच तर? पाठीवर तरंगा, हात वर करा, ओरडा. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात संशोधक जेमी मॅकमॅहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीपीएस लावलेले तरंगते ठोकळे रिप करंटमध्ये सोडून पाहिले. बहुतेक ठोकळे खोल समुद्रात गेलेच नाहीत. ते मोठ्या भोवऱ्यात फिरून काही मिनिटांत पुन्हा उथळ दांड्यावर आले. सगळ्याच किनाऱ्यांवर असं होईल याची हमी नाही, खडकालगतचा प्रवाह दूरवर नेऊन सोडू शकतो. पण दम शाबूत असेल तर प्रवाह ढिला पडल्यावर किनाऱ्याला समांतर, जिकडे पांढऱ्या लाटा फुटताहेत तिकडे पोहता येतं. तिथे दांडा असतो, पाय टेकतात, आणि लाटाच किनाऱ्याकडे ढकलतात. एका बाजूला जाताना प्रवाह अडवतोय असं वाटलं तर दुसऱ्या बाजूला वळा. किनाऱ्यावर असलेल्याने मागून उडी मारू नये. वाचवायला गेलेला बुडाला आणि आधीचा वाचला, असं कितीतरी वेळा घडलेलं आहे. रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, फुटबॉल, तरंगेल असं काहीही त्याच्याकडे फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा.

त्या दिवशी कड्यावरून मी चेंडूवर नजर ठेवून होते. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गेल्यावर तो मंदावला, उजवीकडे वळला, बराच वेळ एका जागी घुटमळला. मग एका लाटेने त्याला दांड्यावर घेतलं, दुसरीने पुढे ढकललं, आणि निघाला होता तिथून साठ-सत्तर पावलांवर तो वाळूत येऊन पडला. मुलगा धावत गेला.

दुसऱ्या दिवशी पूर्ण ओहोटीला मी खाली उतरले. लाटा अगदी बारीक होत्या. दोन्ही दांड्यांवरून पाणी उतरलं होतं, वाळू पायाखाली घट्ट आणि बारीक. मधल्या चरात अजून घोट्याएवढं पाणी होतं आणि ते हलकेच समुद्राकडे सरकत होतं. तळाशी बारीक वाळू उरलीच नव्हती, होता तो जाड दाण्यांचा आणि शिंपल्यांच्या तुकड्यांचा थर. त्यावर हातभर अंतराने उमटलेल्या वळ्या, आणि प्रत्येक वळीची उभी कड समुद्राच्या बाजूला.