भेटीच्या कोडमधला शेवटचा अंक

पक्षिनिरीक्षणाचा किंवा बुद्धिबळाचा छंद असलेल्या मित्राला त्याच्या आवडत्या संकेतस्थळाचे वर्षभराचे सदस्यत्व भेट द्यायचे ठरवले, की पैसे भरल्यावर आपल्या हाती पुष्कळदा पडते ती अंक-अक्षरांची एक ओळ, म्हणजे गिफ्ट कोड. असे कोड फुकट ‘तयार करून देणाऱ्या’ प्रोग्रामची जाहिरात करणाऱ्या चित्रफिती अधूनमधून फिरत असतात आणि चांगली शिकलेली माणसेही त्यांवर विश्वास ठेवतात, म्हणून हा लेख.

मुळात सदस्यत्व कोडमध्ये साठवलेले नसतेच. सामानघरात मिळणाऱ्या बिल्ल्यात जसे सामान नसते, तसेच हे आहे. सर्व्हरवरील तक्त्यात त्या कोडच्या नावे एक नोंद असते. मित्राने कोड टाकला की ती शोधली जाते, सदस्यत्व त्याच्या खात्याला जोडले जाते आणि कोड बाद होतो. नीट बांधलेल्या यंत्रणेत या गोष्टी होतील तर सगळ्या होतात, नाहीतर एकही नाही, त्यामुळे दोघांनी एकाच क्षणी तोच कोड टाकला तरी तो एकालाच लागू पडतो.

मला खरे कौतुक आहे ते तपास-अंकाचे, म्हणजे टंकनातली चूक पकडण्यासाठी क्रमांकाच्या शेवटी जोडलेल्या अंकाचे. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी 1954 मध्ये ज्या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला, ती आजही क्रेडिट कार्डांच्या क्रमांकांत वापरली जाते. समजा, मूळ क्रमांक 5274 आहे. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करायचा आणि उत्तर 9 पेक्षा मोठे आले तर त्यातून 9 वजा करायचे. येथे 4 चे 8 आणि 2 चे 4 होतात, 7 व 5 तसेच राहतात आणि बेरीज 24 येते. ती दहाच्या पटीत नेण्यासाठी 6 हवेत, म्हणून पूर्ण क्रमांक 52746. मित्राने घाईत 57246 असे टाकले, तर बेरीज 30 ऐवजी 26 भरते आणि तक्ता न उघडताच चूक कळते.

हे साधते कसे? दुप्पट करण्याच्या या नियमाने 0 ते 9 या अंकांची अनुक्रमे 0, 2, 4, 6, 8, 1, 3, 5, 7, 9 अशी रूपे होतात. यांत एकही रूप दोनदा येत नाही, म्हणून एका अंकाची कोणतीही चूक लपत नाही. आता प्रत्येक रूपातून त्याचा मूळ अंक वजा करावा व उत्तर ऋण आल्यास त्यात 10 मिळवावेत. 0, 1, 2, 3, 4, 6, 7, 8, 9, 0 अशी माळ मिळते. शेजारच्या दोन अंकांसाठी या माळेतील संख्या वेगळ्या असतील, तर त्यांची अदलाबदल बेरीज बिघडवल्याशिवाय राहत नाही. सारखी संख्या फक्त 0 आणि 9 यांची आहे, म्हणून 09 चे 90 झाले तर तेवढे निसटते. अक्षरे असलेल्या कोडसाठी हेच गणित दहाऐवजी मोठ्या पायावर मांडता येते.

चित्रफितींतील प्रोग्राम फार तर हा तपास-अंक जुळवून देतात. पण तो चुकून झालेल्या चुकीसाठी आहे, चोरासाठी नाही. नियम जाहीर असल्यामुळे जुळणारे क्रमांक कोणीही हवे तितके लिहू शकतो, मात्र तक्त्यात नोंद नसेल तर त्यांचा उपयोग शून्य.

चोराला अडवते ती यादृच्छिकता. गोंधळात टाकणारी अक्षरे वगळून 32 चिन्हे घेतली आणि 16 जागा यादृच्छिकपणे भरल्या, तर 2 चा 80 वा घात, म्हणजे सुमारे 1.2 गुणिले 10 चा 24 वा घात इतके कोड संभवतात. त्यांपैकी दहा लाख चालू असले आणि कोणी सेकंदाला हजार अंदाज केले, तरी एक लागण्यास सरासरी सुमारे 3.8 कोटी वर्षे लागतील. अट एवढीच, की चिन्हे खरोखर बेभरवशाची हवीत. मर्सेन ट्विस्टर हा लोकप्रिय संख्याजनक सांख्यिकीच्या कामांना उत्तम असला, तरी त्याच्या 32 बिटांच्या सलग 624 संख्या हाती आल्या की पुढच्या सगळ्या काढता येतात. म्हणून अशा कामासाठी संगणकाच्या कार्यप्रणालीतील सुरक्षित संख्याजनक वापरतात. वाढदिवसाची तारीख किंवा ‘शुभ अंक’ पाहून कोड निवडण्याची हौस कोणी पुरवली, तर त्या अंकांनी मित्राचे भले होवो न होवो, चोराचे शोधक्षेत्र मात्र नक्कीच आक्रसेल.

या साऱ्या गणिताला वळसा घालण्याचा मार्ग अगदी साधा आहे: अभिनंदनाच्या उत्साहात कोडचे छायाचित्र सर्वांना दिसेल असे टाकणे. सर्व्हरला मैत्री ओळखता येत नाही. त्याच्या लेखी कोड आधी टाकणारा तोच भेटीचा धनी.