पोटरीतली ‘नस’ चढत नाही

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर एक दृश्य हमखास दिसते. धावता धावता कोणीतरी पोटरी धरून मटकन खाली बसतो आणि कडेला उभे असलेले एखादे काका अधिकारवाणीने निदान करतात, ‘‘नस चढली.’’ वस्तुतः चढलेले काहीच नसते. पोटरीचा स्नायू आकुंचन पावून तसाच आवळून राहिलेला असतो. त्याला आपण पेटका किंवा वांब म्हणतो. परंतु आपल्या बोलण्यात ‘नस’ या एकाच शब्दाने रक्तवाहिनी, मज्जातंतू, स्नायू आणि स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा या चारही गोष्टींचा भार उचललेला आहे. या चारांची कामे वेगळी, दुखणी वेगळी आणि उपचारही वेगळे असल्यामुळे ‘नस बसवून देणाऱ्या’ मंडळींचे मात्र चांगले फावते.

शब्दांचा हा घोळ केवळ बोलीतला नाही. मराठीत स्नायू म्हणजे मसल आणि पेशी म्हणजे सेल. हिंदीत पेशी म्हणजे मसल, तर सेलला कोशिका म्हणतात. बंगालीत स्नायू म्हणजे चक्क मज्जातंतू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 500 पेशी आणि 900 स्नायू सांगितले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचे भाग, आणि स्नायू म्हणजे नावेच्या फळ्या जशा दोरांनी बांधाव्यात तसे शरीराचे सांधे बांधून ठेवणारे बंध. आजच्या शरीररचनाशास्त्रानुसार हाडे हलवणारे स्नायू 600 हून थोडे अधिक आहेत. त्यामुळे त्या 900 चा अर्थ आजच्या मराठीतले स्नायू असा लावून ‘आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असा संदेश पुढे पाठवणारे सुश्रुताचा गौरव करत नाहीत, त्याचे म्हणणे न वाचताच त्याला वेठीस धरतात.

ग्रीकांचीही हीच गत होती. त्यांचा ‘न्यूरॉन’ हा शब्द मुळात कंडरेसाठी आणि धनुष्याच्या दोरीसाठी होता, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याला आपल्या ‘स्नायू’चा सगोत्र मानतात. पुढे तो मज्जातंतूला चिकटला. पण जुना अर्थ ‘अपोन्यूरोसिस’ या संज्ञेत आजही टिकून आहे. अपोन्यूरोसिस म्हणजे पसरट, पापुद्र्यासारखी कंडरा. नावात न्यूरो असूनही तिचा मज्जातंतूशी काडीचा संबंध नाही.

हा गोंधळ आवरावा म्हणून 1895 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे शरीरशास्त्रज्ञांनी शरीराच्या भागांच्या लॅटिन नावांची एक प्रमाण यादी मान्य केली. स्नायूचे लॅटिन नाव म्हणजे बहुतेक वेळा त्याचा पूर्ण पत्ताच असतो. ‘एक्स्टेन्सर कार्पाय रेडिआलिस लाँगस’ हे ऐकून धडकी भरते, पण त्याचा अर्थ इतकाच की हा मनगट मागे उचलणारा, कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने जाणाऱ्या रेडियस हाडाकडचा, लांब स्नायू. शिवाय ‘लाँगस’ म्हटले की आखूड असा ‘ब्रेव्हिस’ शेजारी असणारच. दादर पश्चिम म्हटल्यावर दादर पूर्व असणार हे जसे सांगावे लागत नाही, तसेच. ‘लिव्हेटर लेबियाय सुपिरिओरिस अलीक्वी नेझाय’ या अगडबंब नावाचा स्नायू नाकाशेजारची जेमतेम एक पट्टी आहे. वरचा ओठ आणि नाकपुडी उचलणारा, म्हणजे आपण नाक मुरडतो तेव्हा कामाला लागणारा तो हाच.

काही नावे मात्र पत्त्यावरून न पडता नुसत्या दिसण्यावरून पडली आहेत, आणि मला तीच अधिक आवडतात. ‘मसल’ हा शब्द ‘मस्क्युलस’वरून आला; त्याचा अर्थ छोटा उंदीर. कातडीखाली सरकणाऱ्या दंडात रोमनांना उंदीर दिसला. मराठी मुलांना तेथे बेडूक दिसला, म्हणून आपण दंडाची बेडकुळी काढून दाखवतो.

पोटरीच्या बाबतीत तर दोन्ही भाषांचे डोळे एकच गोष्ट पाहतात. तिथल्या वरच्या स्नायूचे नाव ‘गॅस्ट्रॉक्निमियस’, म्हणजे शब्दशः ‘पायाचे पोट’. आपल्या पोटरीतही पोट आहेच. त्याच्याखाली ‘सोलियस’ असतो. लॅटिनमध्ये सोलिया म्हणजे चप्पल, आणि तशाच चपट्या एका माशालाही तेच नाव आहे. मुंबईच्या बाजारात मिळणारा लेपा याच माशाच्या गोतावळ्यातला. गॅस्ट्रॉक्निमियसची दोन मुळे आणि सोलियसचे एक मिळून ‘ट्रायसेप्स सुरी’, म्हणजे पोटरीचा त्रिशिर स्नायू होतो आणि तो टाचेमागच्या जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडला जातो. गॅस्ट्रॉक्निमियस गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडावर सुरू होतो. सोलियस गुडघ्याच्या खाली सुरू होतो. म्हणून गुडघा वाकवला की पहिला सैलावतो, दुसऱ्याला मात्र फरक पडत नाही. पेटका गॅस्ट्रॉक्निमियसमध्ये आला असेल तर गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटे स्वतःकडे ओढावी लागतात. गुडघा वाकवून कितीही ओढले तरी ताण मुख्यतः सोलियसवर येतो. पेडर रोडवरच्या काकांना एवढे माहीत असते तर बिचाऱ्या धावपटूची सुटका लवकर झाली असती. या दोघांच्या मधून ‘प्लांटॅरिस’ नावाच्या लहानग्या स्नायूची लांब, दोऱ्यासारखी कंडरा जाते. शवविच्छेदन करताना वैद्यकाचे नवखे विद्यार्थी तिला मज्जातंतू समजतात, इतके की इंग्रजीत तिला ‘पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची नर्व्ह’ असे थट्टेचे नाव पडले आहे.

आजारांची नावे जोडाक्षरांसारखी सोडवता येतात. ‘मायो’ म्हणजे स्नायू, ‘अल्जिया’ म्हणजे वेदना. तेव्हा मायाल्जिया म्हणजे अंगदुखी, निदान नव्हे, तक्रारीचेच ग्रीक भाषांतर. मायोसायटिस म्हणजे स्नायूचा दाह. मायोपिया मात्र या घरातला नाही. तो डोळे बारीक करण्यावरून आला आहे. ‘हायपरट्रॉफी’त ट्रॉफी म्हणजे पोषण, आणि हे नाव दिशाभूल करते, कारण स्नायू मुख्यतः वाढत्या भारामुळे पुष्ट होतो, नुसत्या खाण्याने नव्हे. प्रथिनांच्या भुकटीचे डबे विकणाऱ्यांना ही दिशाभूल सोयीची आहे. आपल्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाय लावून घेतात, त्यातलाही हिशेब असाच. आखडलेली पाठ बहुधा काही दिवसांत आपोआप मोकळी होते आणि श्रेय पायाळूला मिळते.

एक नाव मात्र धावपटूंनी आणि जिममध्ये पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारणाऱ्यांनी ओळखून ठेवावे: ‘ऱ्हॅब्डोमायोलिसिस’. ऱ्हॅब्डोमायो म्हणजे पट्टेदार स्नायू, लिसिस म्हणजे विरघळणे. स्नायूचे तंतू फुटून त्यातले मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा करते. 1941 मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी नोंदवले, ते याच प्रक्रियेमुळे. पोटरीचा साधा पेटका काही मिनिटांत सुटतो. येथे अतिश्रमानंतर अंग असह्य दुखते, हातापायांतली ताकद जाते आणि लघवीला कोऱ्या चहासारखा रंग येतो. अशा वेळी कोणाकडून नस बसवून घेण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे लागते.