गंज निर्दोष आहे

‘खिळा गंजका होता का?’ पायाला काही टोचलं की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर ‘नाही’ आलं की सगळे निर्धास्त. गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. त्याचा धनुर्वाताशी काडीचाही संबंध नाही. धनुर्वात होतो तो क्लॉस्ट्रिडियम टेटानी या जिवाणूमुळे. त्याचा मुक्काम मातीत आणि जनावरांच्या आतड्यात, म्हणून शेणातही. गंजका खिळा बहुधा मातीत पडून राहिलेला असतो आणि खोल रुततो, एवढाच त्याचा गुन्हा. काटा किंवा लाकडाची ढलपीही तेच करू शकते.

खोल रुतणं महत्त्वाचं, कारण या जिवाणूला ऑक्सिजन सोसत नाही. उघड्यावर तो बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं सुप्त रूप, होऊन पडून राहतो, वर्षानुवर्षं. नुसत्या उकळत्या पाण्याने हे बीजाणू मरतीलच असं नाही; शस्त्रक्रियेची हत्यारं दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांपर्यंत तापवतात ती अशांसाठीच. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कितासातो शिबासाबुरो या जपानी शास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये याच दोन गोष्टींचा फायदा उठवला. जखमेतल्या पुवात दहा प्रकारचे जिवाणू. त्यातून हा एकटा वेगळा कसा काढायचा? त्यांनी मिश्रण ८० अंशांपर्यंत तापवलं. बाकीचे बहुतेक मेले, बीजाणू उरले. मग ते हायड्रोजन वायूत वाढवले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि एमिल फॉन बेरिंग यांनी या जिवाणूच्या विषावरचा रक्तद्रव्यातला उतारा दाखवून दिला.

जिवाणू स्वतः जखमेतच बसून राहतो. अंगभर फिरतं ते त्याचं विष, टेटानोस्पाझ्मिन. हे एकच प्रथिन, पण दोन साखळ्यांचं: एक जड, एक हलकी, दोन्ही गंधकाच्या बंधाने जोडलेल्या. स्नायूला जिथे चेतातंतू भेटतो तिथे जड साखळी तंतूच्या टोकाला चिकटते आणि पेशी तिला एका इवल्याशा पिशवीत भरून आत घेते. पुढची वाहतूक पेशीच करते. चेतातंतूच्या टोकाकडून पेशीच्या मुख्य भागाकडे माल नेण्याची सोय तिथे मुळातच असते. डायनीन नावाचं प्रथिन सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीतल्या रुळांवरून, अशा पिशव्या ओढत नेत असतं. त्यातूनच विष मज्जारज्जूपर्यंत पोचतं. या प्रवासात पिशवीतलं वातावरण आम्लधर्मी होत नाही, म्हणून विष बाहेर पडत नाही, निवांत बसून राहतं. मज्जारज्जूत मात्र ते ही चेतापेशी सोडून शेजारच्या दुसऱ्या चेतापेशीत शिरतं. इथे पिशवी आम्लधर्मी होते, जड साखळी तिच्या आवरणाला भोक पाडते आणि हलकी साखळी बाहेर येते.

हलकी साखळी म्हणजे जस्ताचा अणू बाळगणारं विकर (एन्झाइम). ते एकच काम करतं: सिनॅप्टोब्रेव्हिन या प्रथिनाचा ७६ क्रमांकाच्या ग्लुटामिन आणि ७७ क्रमांकाच्या फेनिलअॅलानिन या अमिनो आम्लांमधला बंध तोडतं. सिनॅप्टोब्रेव्हिन तुटलं की संदेशद्रव्याच्या पिशव्या पेशीच्या कडेला जुळत नाहीत, रिकाम्या होत नाहीत. आणि ही दुसरी पेशी कोणती? स्नायूंना आवरणारी. ग्लायसिन आणि गाबा ही तिची संदेशद्रव्यं म्हणजे शरीराचे ब्रेक. कोपर वाकवताना दंडाच्या पुढचा स्नायू आखडतो तेव्हा मागच्याला ढिलं ठेवतात ते हेच ब्रेक. ते गेले की दोन्ही एकदम आखडतात आणि जो बलवान तो जिंकतो. जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदवान, म्हणून दातखीळ. पाठीचे पोटाच्या स्नायूंपेक्षा ताकदवान, म्हणून कमान. दातखीळ बहुधा आधी बसते, कारण चेहऱ्याच्या चेता आखूड आणि विषाला अंतर कमी पडतं. दार आपटलं, अंगाला हात लागला, तेवढ्यानेही झटका येतो. रोगी या सगळ्यात पूर्ण शुद्धीवर असतो. असल्या झटक्यांना बाधा म्हणून मंत्र-अंगारा करत बसणाऱ्यांनी किती जीव घालवले असतील!

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. १९९२ मध्ये उघड झालं, की बोट्युलिनम या दुसऱ्या एका जिवाणूच्या विषाचा ‘बी’ प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिनमधला नेमका हाच बंध तोडतो. तोच ७६, तोच ७७. पण त्याचा रोगी लुळा पडतो! कारण ते विष स्नायूजवळच्या टोकातच थांबतं आणि स्नायूला ‘आखड’ सांगणारं अॅसिटिलकोलीन अडवतं. कात्री एकच, फरक फक्त ती कुठे चालली याचा.

विष चेतापेशीत शिरलं की प्रतिपिंडं त्याला गाठू शकत नाहीत. इंजेक्शनने दिलेली प्रतिपिंडं बाहेर मोकळं असलेलं विषच पकडतात. आत गेलेल्याचा परिणाम ओसरेपर्यंत आठवडेच्या आठवडे श्वास चालू ठेवणं आणि झटके दाबणं हाच इलाज.

धनुर्वातातून बरा झालेला माणूस पुढच्या धनुर्वातापासून सुरक्षित होत नाही. माणसाला मारायला या विषाचे किलोमागे सुमारे २.५ नॅनोग्रॅम पुरतात. सत्तर किलोच्या माणसाला एका ग्रॅमच्या पन्नास लाखाव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा प्रथिनाची प्रतिकारसंस्थेला पुरेशी चाहूलही लागत नाही. लशीत फॉर्माल्डिहाइडने निकामी केलेलं तेच विष असतं, पण कितीतरी जास्त प्रमाणात, म्हणून रोगातून उठलेल्यालाही लस टोचावी लागते. आणि हा रोग माणसाकडून माणसाला होत नसल्याने शेजारच्या शंभर जणांनी लस घेतली तरी न घेतलेल्या एकाला तिचा काही उपयोग नाही.