रक्तक्षय, किशोरवयीन : ग्रामीण विदर्भातील लोकसहभागी प्रयत्न

रक्तातील हिमोग्लोबिन वयाच्या मानाने कमी होणे म्हणजे रक्तक्षय. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार १२ वर्षांपुढील मुलीत (गरोदर नसताना) ते दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा आणि १५ वर्षांपुढील मुलात १३ ग्रॅमपेक्षा कमी भरले की रक्तक्षय धरतात. ८ ग्रॅमच्या खाली तो तीव्र समजला जातो. सरकारी कागदावर ‘अ‍ॅनिमिया’ असतो. खेड्यात ‘पोरीच्या अंगात रगतच नाही’ असे म्हणतात, आणि बहुधा विषय तेथेच संपतो, कारण थकणे हा आजार मानण्याची रीत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. चौथ्या फेरीत (२०१५–१६) हे प्रमाण ५४.१ टक्के होते. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावरून केलेल्या मोजणीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, तरी आकडा उतरला असे कोणी म्हणत नाही. वर्धा जिल्ह्यात आंजी परिसरातील किशोरींच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपासच होते.

कारणे एकात एक गुंतलेली आहेत. वाढीच्या वयात लोहाची गरज वाढते, मुलींत पाळीमुळे ते शरीराबाहेर जाते. उघड्यावरच्या शौचाने दूषित झालेल्या मातीत अनवाणी राबणाऱ्यांच्या पायातून अंकुशकृमी शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. ताटात ज्वारी किंवा भात, पातळ वरण आणि जेवणाला लागूनच चहा. धान्यातले लोह मुळात कमी शोषले जाते, त्यात चहा आणखी आडवा येतो.

शासनाचा मुख्य उपाय म्हणजे निळी गोळी : ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, आठवड्यातून एकदा शाळेत किंवा अंगणवाडीत, जोडीला वर्षातून दोनदा जंतनाशक अल्बेंडाझोल. २०१८ पासून हे ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या छत्राखाली चालते. गोळी गावापर्यंत पोचते, पण हातातून पोटापर्यंतचे अंतर तिला कापता येईलच असे नाही. उपाशीपोटी घेतली की मळमळते, शौचाला काळे होते, एकीला उलटी झाली की वर्गभर भीती पसरते, आणि उरलेल्या गोळ्या दप्तरात किंवा खिडकीबाहेर जातात. ‘पोरीला कसल्या गोळ्या देता? पुढं मूल झालं नाही तर?’ हा आईचा प्रश्न परिपत्रकाने मिटत नाही. लोकसहभागाचे खरे काम येथे सुरू होते. जेवणानंतर सगळ्यांनी मिळून गोळी घेणे, शौचाचा काळा रंग लोहामुळेच असतो हे आधीच सांगणे, आणि हे सांगणारी गावातलीच असणे : आशा, अंगणवाडीताई किंवा पूर्वी गोळी घेतलेली थोरली मुलगी.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने (स्थापना १९६९) वर्ध्याच्या खेड्यांत बांधलेल्या ‘किशोरी पंचायती’ याच धर्तीच्या. गाव समन्वय समिती आणि महिला बचत गट यांच्याबरोबरीने मुलींचीही स्वतःची संघटना असावी, हा त्यामागचा विचार. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात समवयस्क शिक्षक (आपल्याच वयाच्यांना आरोग्याची माहिती देणारी मुले-मुली) नेमण्याची तरतूद आली, ती याच्या जवळची आहे. फरक एवढाच की एका ठिकाणी मुलगी संघटनेची सदस्य असते, दुसरीकडे नेमणूक झालेली स्वयंसेविका. हा फरक लहान नाही.

आहाराच्या बाबतीत गावाकडे स्वतःचे भांडार आहे. पावसाळ्यात तरोटा, घोळ, चिवळ. हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी. शिवाय अंबाडी, शेवग्याचा पाला, तीळ, जवस. तरी पालेभाजी खा म्हणजे रक्त वाढते, हा सल्ला अर्धाच आहे. सोबत लिंबू किंवा आवळा हवा, चहा जेवणानंतर तासाभराने हवा, आणि मोड आलेले कडधान्य हवे. परसबागेचा प्रयोग बचत गटांनी अनेक ठिकाणी केला. उन्हाळ्यात पाणी आटले की तो बहुधा मागे पडतो. भाजी परसात पिकली तरी मुलीच्या ताटात शेवटी काय उरते, हा प्रश्न शेतीचा नाही, स्वयंपाकघरातल्या पंगतीचा आहे. म्हणून किशोरींच्या बैठकीला आई आणि आजी आल्या नाहीत, तर ती बैठक अपुरीच.

विदर्भात एक सावधगिरी मात्र पाळावीच लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, यवतमाळ आणि मेळघाटात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) आढळतो. गोंड, माडिया, कोरकू अशा आदिवासींत आणि काही दलित समाजांतही. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असे येथे गृहीत धरता येत नाही. सिकलसेलच्या रुग्णाला लोहाची कमतरता तपासल्याखेरीज लोह देत नाहीत. केवळ वाहक असलेल्या (दोष एकाच पालकाकडून आलेल्या) मुलीला मात्र इतरांसारखीच लोहाची गरज असू शकते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने तपासणीचा पसारा वाढवला. पण गावात ‘सिकलवाली’ हा शिक्का लग्नाच्या बोलणीत आड येतो, त्यामुळे घरचे तपासणीच टाळतात. निकाल कोणाला सांगायचा हे गावाने आधी ठरवले नाही, तर पुढची तपासणी ओस पडते.

गावाच्या हाती असलेले आणखी एक साधन म्हणजे हिशेब मागणे. लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवणे, महाराष्ट्रात २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होता. गोळ्यांचा साठा किती, हिमोग्लोबिन मोजायचे यंत्र चालते का, मुलींची नोंद केव्हा झाली, हे जनसुनावणीत विचारता येते. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीकडे थोडा मुक्त (गावाच्या गरजेनुसार खर्चता येणारा) निधीही असतो. तो बहुतांशी किरकोळ डागडुजीत संपतो.

शाळा कायमची सुटलेल्या मुली मात्र या सगळ्याच्या कडेला राहतात. दिवाळीनंतर कापूस वेचणीला लागलेली मुलगी सोमवारी शाळेत नसते आणि मंगळवारी अंगणवाडीतही नसते. ती शेतात असते, आणि तिचा डबा कोण भरते हे आशाताईला ठाऊक असते. मुलांचे आणखी वेगळे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ३१.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, तरी गावच्या बैठकीत हा विषय अजून ‘पोरींचा’च समजला जातो.