छोट्या मिररलेसच्या कटकटी आल्या कुठून

ट्रायपॉडवर छोटा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा लावलाय, फ्रेम अगदी हवी तशी जुळलीये आणि नेमकी तेव्हाच बॅटरी संपते. मग काढा कॅमेऱ्याखालची ट्रायपॉडची प्लेट, कारण बॅटरीचं झाकण खालच्या बाजूला, ट्रायपॉडच्या स्क्रूला खेटून, आणि मेमरी कार्ड पण त्याच झाकणाआड. परत लावला की फ्रेम गेलेली असते. इतक्यांदा झालंय की आता शिव्यासुद्धा मनातल्या मनातच देतो.

याचं मूळ शोधायला २००८ मध्ये जावं लागतं. त्या ऑगस्टमध्ये ऑलिंपस आणि पॅनासोनिकने मायक्रो फोर थर्ड्स जाहीर केलं, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी दोघांचं मिळून एकच माप. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसावाल्या कॅमेऱ्यात, लेन्स आणि फोटो टिपणाऱ्या सेन्सरच्या मधे आरशाला वरखाली व्हायला जागा लागते, त्यामुळे जुन्या आरसावाल्या फोर थर्ड्समध्ये लेन्स बसते त्या माउंटपासून सेन्सर ३८.६७ मिमी लांब असायचा, आरसा गेला आणि ते अंतर थेट १९.२५ वर आलं, सेन्सर मात्र तेवढाच, १७.३ बाय १३ मिमी. गंमत म्हणजे पहिला कॅमेरा, पॅनासोनिक जी१, दिसायला छोटा डीएसएलआरच होता. बारीक व्हायचं वेड खरं दिसलं २००९ च्या ऑलिंपस ई-पी१ मध्ये, त्यात व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकीच नव्हती, म्हणजे भर उन्हात स्क्रीनवर स्वतःचं तोंड बघत फोटो काढायचे.

मग २०१० मध्ये सोनीचा एनईएक्स-५ आला. गिऱ्हाईक कोण, तर साध्या डिजिकॅमवरून वर येणारा माणूस, तो घाबरू नये म्हणून बटणं कमी आणि सगळं मेन्यूत. साधा आयएसओ, म्हणजे प्रकाशाला किती संवेदनशील राहायचं ते, बदलायचा तरी मेन्यूत शिरायचं. लोकांनी एवढी बोंब मारली की त्याच वर्षी फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट देऊन बटणांची कामं आपापल्या सोयीने ठरवायची मुभा द्यावी लागली.

बॅटरीचं दुखणं पण त्याच पिढीतलं. डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरला जवळपास काहीच लागत नाही, इथे सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू, आणि बारीक बॉडीत बॅटरी मावणार केवढी? एनईएक्समधली १०२० एमएएचची एनपी-एफडब्ल्यू५० सोनीने २०१३ च्या फुल-फ्रेम ए७ मध्ये पण तशीच टाकली, एका चार्जवर अधिकृत आकडा ३४० फोटोंचा. २०१८ च्या ए७ थ्री मध्ये दुपटीहून मोठी बॅटरी आली तेव्हा कुठे ७१० झाला. २००८ चा निकॉन डी९० तर ८५० देत होता!

व्ह्यूफाइंडरला डोळा लावलाय का हे ओळखणाऱ्या आय सेन्सरची तर वेगळीच तऱ्हा. स्क्रीन आणि व्ह्यूफाइंडर दोन्ही आले की कुठला चालू ठेवायचा हे कॅमेऱ्यानेच ठरवायचं. आता स्क्रीन वर वळवून कॅमेरा पोटाशी धरला की त्याला वाटतं डोळाच आला, स्क्रीन काळी. माझ्या पोटाला डोळा समजणारं यंत्र एवढं महाग का असतं देव जाणे. नव्या बऱ्याच मॉडेल्समध्ये स्क्रीन बाहेर काढली की सेन्सर बंद होतो, म्हणजे इलाज फार अवघड नव्हताच.

लाल व्हिडिओ बटण अंगठ्याजवळ असल्यामुळे माझ्याकडे बॅगेच्या आतल्या अंधाराचं बरंच फुटेज जमलंय. ते निदान एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांनी आपोआप थांबायचं, कारण ३० मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याला युरोपात व्हिडिओ कॅमेरा म्हणून जादा कस्टम ड्यूटी लागायची, म्हणून कंपन्यांनी मर्यादाच घातली होती.

आणि ते झाकण? २०२३ च्या सोनी ए६७०० मध्ये कार्ड बाजूला आलं. बॅटरी खालीच आहे.